डॉलर, दुहेरी कंस आणि ॲट : 'आर'मधल्या ऑब्जेक्टच्या फील्डला हात लावण्याआधी

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मुलामुलींचे 'आर'बद्दलचे प्रश्न फिरून फिरून दोनच जागी येतात. टी-टेस्ट त्यांना करता येते, ग्राफ काढता येतो, मॉडेलही बसवता येतं. अडतं कुठे, तर 'मॉडेलच्या पोटातला तो एक आकडा बाहेर कसा काढायचा?' आणि 'मी किंमत बदलली, तरी उत्तर जुनंच का येतंय?' इथे. दोन्ही प्रश्न ऑब्जेक्टच्या फील्डबद्दलचे आहेत. फील्ड वाचायचं कसं आणि फील्ड बदलायचं कसं, एवढाच आजचा विषय.

विषय छोटा दिसतो. पण इथल्या चुकांची खोड अशी, की त्यातल्या बऱ्याच चुकांना 'आर' लाल अक्षरांत ओरडत नाही. गुपचूप एक आकडा देते. तो आकडा तक्त्यात जातो, तक्ता प्रबंधात जातो, आणि मग व्हायव्हाच्या दिवशी कुणीतरी विचारतं, 'हे कुठून आलं?' म्हणून हा लेख जरा सावकाश वाचा. शक्य असेल तर शेजारी 'आर' उघडून बसा.

उदाहरण कुठलं घ्यायचं?

पाठ्यपुस्तकातली फुलं आणि मोटारी सगळ्यांनी पाहिल्यात. आपण आपल्याकडचं उदाहरण घेऊ. माझं गाव पूर्णगड, रत्नागिरी जिल्ह्यातलं. मुचकुंदी नदी इथे समुद्राला मिळते. खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे गावखडी. त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि वाळूच्या तापमानाप्रमाणे दीड ते दोन महिन्यांत पिल्लं बाहेर पडतात. कोकणात या कामाला लोकचळवळीचं रूप आलं ते वेळासमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आज बऱ्याच किनाऱ्यांवर कासवमित्र पहाटे फिरून घरटी शोधतात, अंडी कुंपणाच्या आत हलवतात आणि प्रत्येक घरट्याची नोंद ठेवतात.

अशी एक नोंद म्हणजे आपलं ऑब्जेक्ट. त्यातला किनारा, अंडी, पिल्लं ही त्याची फील्डं. खालचे सगळे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेले आहेत, कुठल्याही सर्वेक्षणातले नाहीत. आणि आणखी एक : वाचायला सोपं जावं म्हणून कोडमधली नावं, फंक्शनं आणि आकडे मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. मशीनवर मात्र नेहमीसारखं रोमन अक्षरांत टाइप करा.

घरटं <- लिस्ट(किनारा = "गावखडी", अंडी = १०८, पिल्लं_जिवंत = ८१)

वाचायचे तीन रस्ते

लिस्टमधलं फील्ड वाचायला तीन रस्ते आहेत.

घरटं$अंडी
घरटं[["अंडी"]]
घरटं["अंडी"]

पहिल्या दोन रस्त्यांनी हातात १०८ हा आकडा येतो. तिसऱ्याने आकडा येत नाही, एका फील्डची छोटी लिस्ट येते. डब्यातला लाडू काढून घेणं आणि एकच लाडू ठेवलेला डबा हातात घेणं, एवढा हा फरक. डब्याला दोनाने गुणता येत नाही, म्हणून घरटं["अंडी"] * २ लिहिलंत की एरर येते. ही एरर चांगली. निदान काहीतरी बिनसलंय हे कळतं.

डॉलर आणि दुहेरी कंस एकसारखेच वाटतात, पण दोन बाबतींत वेगळे आहेत. पहिली बाब : डॉलरच्या पुढे जे लिहाल ते तो नाव म्हणूनच घेतो, त्यात काय साठवलंय ते बघत नाही. समजा तुम्ही

कोणतं <- "अंडी"

असं ठेवलं आणि मग घरटं$कोणतं लिहिलं, तर 'आर' 'कोणतं' याच नावाचं फील्ड शोधेल. ते नाही, म्हणून उत्तर नल. घरटं[[कोणतं]] लिहिलंत तर ती आधी 'कोणतं'च्या आत बघेल, तिथे "अंडी" दिसेल आणि १०८ देईल. लूप चालवून एकामागून एक फील्डं वाचायची असतील, तर दुहेरी कंसाला पर्याय नाही.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची. तिला स्वतंत्र मथळाच देते.

वाचताना अर्धं नाव चालतं, लिहिताना नाही

डॉलरला अर्धवट नाव दिलं तरी तो काम चालवून घेतो. आपल्या नोंदीत 'पिल्लं' नावाचं फील्ड नाही, 'पिल्लं_जिवंत' आहे. तरीसुद्धा

घरटं$पिल्लं

असं लिहिलं तर ८१ मिळतात. 'पिल्लं'ने सुरू होणारं फील्ड एकच आहे, तेव्हा तेच हवं असणार, असा 'आर' अंदाज करते. दुहेरी कंस मात्र नाव पुरतं जुळल्याशिवाय देत नाही. घरटं[["पिल्लं"]] विचारलंत तर नल.

आता गंमत बघा. कासवमित्रांनी पुन्हा मोजलं आणि पिल्लं ८१ नव्हे, ८५ निघाली. तुम्ही दुरुस्ती केलीत :

घरटं$पिल्लं <- ८५

वाचताना हे नाव चाललं होतं, तेव्हा लिहितानाही चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण लिहिताना डॉलर अर्धं नाव जुळवत नाही. त्याला 'पिल्लं' हे फील्ड सापडलं नाही, म्हणून त्याने ते नवीन बनवलं. आता नोंदीत दोन फील्डं आहेत : 'पिल्लं_जिवंत' अजून ८१, आणि 'पिल्लं' ८५. तुम्ही खात्री करायला घरटं$पिल्लं छापून बघितलंत तर ८५ दिसतात, कारण पूर्ण जुळणारं नाव असेल तर डॉलर आधी तेच घेतो. तुमच्या डोळ्यांसमोर दुरुस्ती झालेली. आणि पुढचं जे फंक्शन 'पिल्लं_जिवंत' वाचतं, ते जुन्या ८१ वरच यशाचं प्रमाण काढतंय. एरर नाही, वॉर्निंग नाही.

हेच दुसऱ्या बाजूनेही घडतं. पुढच्या हंगामात कुणीतरी नोंदवहीत 'पिल्लं_मेलेली' हे फील्ड वाढवलं. आता 'पिल्लं'ने सुरू होणारी फील्डं दोन झाली. 'आर'ला कुठलं घ्यावं कळत नाही, म्हणून घरटं$पिल्लं विचारलं की नल. गेल्या वर्षी नीट चाललेला तुमचा कोड, एक अक्षरही न बदलता, यंदा नल देतो. आणि सम(नल) किती, माहीत आहे? शून्य. म्हणजे त्या किनाऱ्यावर एकही पिल्लू जगलं नाही असं तुमचा तक्ता सांगेल. कारण एवढंच, की तुम्ही नाव अर्धं लिहिलं होतं.

यावरचा उपाय सोपा आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत

ऑप्शन्स(वॉर्न_पार्शल_मॅच_डॉलर = ट्रू)

ही सेटिंग लावून टाका. (मशीनवर हे नाव जोडून लिहायचं, मधल्या शब्दांची पहिली अक्षरं मोठी.) मग डॉलरने अर्धं नाव जुळवलं की लगेच वॉर्निंग येते. आणि किंमत बदलल्यावर नेम्स(घरटं) चालवून फील्डांची यादी बघा. फील्ड एकाने वाढलेलं दिसलं, की समजा नाव चुकलंय.

जाता जाता : लिस्टच्या फील्डमध्ये नल भरलंत तर ते फील्ड रिकामं होत नाही, पुसलं जातं. माहिती मिळाली नाही असं नोंदवायचं असेल तर नल नको, एनए वापरा. 'मोजलं नाही' आणि 'असा रकानाच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संशोधनात हा फरक जपावा लागतो.

डेटा फ्रेम : रकाना भरताना

एक घरटं म्हणजे लिस्ट, तर पूर्ण हंगाम म्हणजे डेटा फ्रेम. ती आतून लिस्टच असते, एकेक रकाना हे एकेक फील्ड. म्हणून डॉलरच्या वरच्या सगळ्या खोडी इथेही लागू. पण एक जादा आहे.

समजा 'हंगाम' या डेटा फ्रेममध्ये १२ घरटी आहेत, आणि तुम्ही वाळूचं तापमान भरताय :

हंगाम$तापमान <- सी(२९.१, ३०.४, ३१.०, २९.८)

किंमती चारच. बाराच्या जागी पाच दिल्या असत्या तर 'आर'ने नकार दिला असता. पण बाराला चाराने नि:शेष भाग जातो. म्हणून ती त्याच चार किंमती तीनदा लावते आणि गप्प बसते. पाचव्या घरट्याला पहिल्याचं तापमान, सहाव्याला दुसऱ्याचं. कासवाच्या बाबतीत हे मामुली नाही. पिल्लू नर होणार की मादी हे उबवणीच्या काळातल्या तापमानावर ठरतं. तो रकाना चुकला तर निष्कर्षच फिरतो.

टिबल नावाचा डेटा फ्रेमचा नवा अवतार या बाबतीत कडक आहे. तो एकच किंमत सगळ्यांना लावू देतो, नाहीतर पुऱ्या बारा मागतो. वाचताना अर्धं नावही चालवून घेत नाही. नवीन काम सुरू करणार असाल तर टिबलची सवय लावून घ्या.

'मी बदललं, पण बदललंच नाही'

आता दुसरा प्रश्न. हे फंक्शन बघा :

दुरुस्त <- फंक्शन(घ) {
  घ$पिल्लं_जिवंत <- ८५
}
दुरुस्त(घरटं)

चालवल्यावर घरटं$पिल्लं_जिवंत बघितलंत तर ८१ च. का?

'आर'मध्ये फील्ड बदलण्याची ओळ दिसते एक आणि असते दुसरी. घ$पिल्लं_जिवंत <- ८५ याचा खरा अर्थ असा : 'घ'ची अशी नवी आवृत्ती तयार कर जिच्यात हे फील्ड ८५ आहे, आणि तिला पुन्हा 'घ' हे नाव दे. हे नाव देणं फंक्शनच्या चार भिंतींच्या आत होतं. बाहेरच्या 'घरटं'ला त्याचा पत्ताही नसतो. तलाठ्याच्या मूळ रजिस्टरची तुम्ही झेरॉक्स घरी आणली आणि तिच्यावर पेनाने खाडाखोड केली, तर रजिस्टर कसं बदलेल?

म्हणून फंक्शनने बदललेली प्रत परत दिली पाहिजे, आणि तुम्ही ती नावाला बांधली पाहिजे :

दुरुस्त <- फंक्शन(घ) {
  घ$पिल्लं_जिवंत <- ८५
  घ
}
घरटं <- दुरुस्त(घरटं)

सुरुवातीला हा वागणुकीचा त्रास वाटतो. पण संशोधनासाठी ही मोठी सोय आहे. एखाद्या फंक्शनला डेटा दिला तर ते तुमचा मूळ डेटा बिघडवणार नाही, ही हमी यातून मिळते. मूळ नोंद शाबूत, दुरुस्त नोंद वेगळ्या नावाने शेजारी. दोन्ही जपा.

ॲट : दारावर पहारेकरी

'आर'चा वंश 'एस' या भाषेचा. ती १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी त्याच धर्तीवर १९९० च्या दशकात 'आर' लिहिली. 'एस'च्या एकेका आवृत्तीबरोबर ऑब्जेक्टच्या पद्धती बदलत गेल्या आणि 'आर'ने त्या सगळ्या ठेवल्या. म्हणून आज एकाच भाषेत दोन-तीन घराण्यांची ऑब्जेक्टं सुखाने नांदतात आणि नवशिका गोंधळतो.

आतापर्यंत आपण पाहिलं ते 'एस-थ्री' घराणं : साधी लिस्ट, वर एक लेबल. तिला दार आहे, पण कडी नाही. कुणीही यावं, काहीही ठेवावं. 'एस-फोर' घराणं शिस्तीचं. त्यात आधी क्लास जाहीर करावा लागतो, कुठली फील्डं असतील आणि प्रत्येकात कसली किंमत बसेल ते सांगून :

सेटक्लास("घरटं", स्लॉट्स = सी(किनारा = "कॅरेक्टर", अंडी = "न्यूमेरिक", पिल्लं = "न्यूमेरिक"))
न१ <- न्यू("घरटं", किनारा = "गावखडी", अंडी = १०८, पिल्लं = ८१)

इथे फील्डला स्लॉट म्हणतात, आणि वाचायला-लिहायला ॲटचं चिन्ह लागतं : न१@अंडी. मघाच्या दोन खोडी इथे बंद. न१@अंड असं अर्धं नाव वाचलंत की एरर. न१@अंडे <- ११० असं चुकीच्या नावाने लिहिलंत की एरर, नवा स्लॉट बनत नाही. न१@अंडी <- "शंभर" असा आकड्याच्या जागी मजकूर भरलात तरी एरर.

मग सगळं सुरक्षित झालं का? नाही. पहारेकरी नाव आणि जात तपासतो, शहाणपण तपासत नाही. समजा तुम्ही क्लासला एक नियमही जोडलात, की पिल्लं अंड्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. न्यू वापरून ऑब्जेक्ट बनवताना हा नियम तपासला जातो. पण नंतर

न१@पिल्लं <- ५००

लिहिलंत तर ते निमूट चालतं. १०८ अंड्यांतून ५०० पिल्लं! ॲटने किंमत बदलताना नियमाची तपासणी आपोआप होत नाही. ती तुम्हालाच मागावी लागते :

व्हॅलिडऑब्जेक्ट(न१)

पूर्णगडच्या किल्ल्याला एक मुख्य दरवाजा आहे आणि एक समुद्राकडचा. पहारा एकाच दरवाजावर बसवून भागत नाही. न्यू हे पुढचं दार, ॲट हे मागचं. मागच्या दाराने काही आत नेलंत, तर व्हॅलिडऑब्जेक्ट चालवायची जबाबदारी तुमची. 'एस-सेव्हन' या नव्या घराण्यात ही त्रुटी भरून काढली आहे. तिथे ॲटने किंमत बदलली की तपासणी लगेच होते.

एकाच घरट्याला दोन नावं

तिसरं घराणं 'आर-सिक्स'चं. त्याच्या फील्डला डॉलरच लागतो, म्हणून दिसायला ते लिस्टसारखं. वागायला मात्र उलटं. इथे झेरॉक्स निघत नाही, सगळे मूळ रजिस्टरवरच लिहितात.

न२ <- न१
न२$अंडी <- ९०

'न१' आणि 'न२' लिस्ट असत्या तर 'न१' जुनीच राहिली असती. आर-सिक्समध्ये 'न१'चीही अंडी ९० झाली, कारण ती दोन ऑब्जेक्टं नाहीतच. एकाच ऑब्जेक्टला दोन नावं आहेत. वेगळी प्रत हवी असेल तर न१$क्लोन() असं मागून घ्यावी लागते. (फील्डच्या आत आणखी आर-सिक्स ऑब्जेक्ट असेल तर 'डीप' हा पर्यायही ट्रू करायचा.)

म्हणून एखाद्या नव्या पॅकेजचं ऑब्जेक्ट हातात आलं की पहिलं काम : क्लास(ऑब्जेक्ट) आणि एसटीआर(ऑब्जेक्ट) चालवून बघा. एसटीआरच्या छापील यादीत फील्डांपुढे डॉलर दिसला तर लिस्ट, ॲट दिसला तर एस-फोर. घराणं कळल्याशिवाय आत हात घालू नका.

फील्ड दिसतं म्हणून तेच हवं असतं असं नाही

आता आजच्या लेखाचा गाभा. फील्ड वाचता येणं ही एक गोष्ट. ते वाचावं का, ही दुसरी.

तुम्ही घरट्यांवर लॉजिस्टिक मॉडेल बसवलंत : तापमानाप्रमाणे किती अंडी उबतात?

मॉडेल <- जीएलएम(सीबाइंड(जिवंत, मेलेली) ~ तापमान, फॅमिली = बायनॉमियल, डेटा = हंगाम)

आता रेसिड्युअल हवेत, म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत. दोन रस्ते दिसतात :

मॉडेल$रेसिड्युअल्स
रेसिड्युअल्स(मॉडेल)

पहिला रस्ता थेट फील्ड उचलतो, दुसरा फंक्शनला विचारतो. नाव तेच, मॉडेल तेच. आकडे मात्र वेगळे येतात. कारण जीएलएमच्या पोटातल्या 'रेसिड्युअल्स' या फील्डमध्ये असतात वर्किंग रेसिड्युअल. मॉडेल बसवताना हिशेबाच्या शेवटच्या फेरीत ते तयार झालेले असतात. फंक्शन मात्र सांगितलं नाही तर डेव्हिअन्स रेसिड्युअल देतं. मॉडेल तपासायला साधारणपणे आपल्याला हवे असतात ते हे.

फरक किती पडतो? हिशेब करून बघू. एका घरट्यात १०० अंडी. मॉडेलचा अंदाज ७५ पिल्लं, प्रत्यक्षात निघाली ८०. वर्किंग रेसिड्युअल काढायला प्रमाणांतला फरक ०.०५ घ्या आणि ०.७५ गुणिले ०.२५, म्हणजे ०.१८७५ ने भागा. आलं ०.२७. त्याच घरट्याचं डेव्हिअन्स रेसिड्युअल येतं १.१८.

आता दुसरं घरटं घ्या : अंडी फक्त १०, अंदाज साडेसात, निघाली ८. प्रमाण तेच, ०.८०. वर्किंग रेसिड्युअलही तेच, ०.२७. पण डेव्हिअन्स रेसिड्युअल उतरून ०.३७ होतं. आणि ते बरोबरच आहे. दहा अंड्यांत अर्ध्या पिल्लाचा फरक ही नुसत्या योगायोगाची बाब. शंभरांत पाचांचा फरक त्याहून जास्त लक्ष देण्याजोगा. वर्किंग रेसिड्युअलला हा भेद दिसत नाही, डेव्हिअन्स रेसिड्युअलला दिसतो. तुम्ही फील्ड उचलून ग्राफ काढलात, तर दोन्ही घरटी एकाच उंचीवर दिसतील आणि कुठलं घरटं खरंच वेगळं वागलं हे कळणार नाही.

यात 'आर'ची चूक काही नाही. मदतीच्या पानावर हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मुद्दा असा, की फील्ड ही ऑब्जेक्ट बनवणाऱ्याची आतली सोय असते. त्याच्या हिशेबासाठी जे लागलं ते त्याने तिथे ठेवलं. फंक्शन हे तुमच्याशी केलेलं बोलणं असतं : हे मागा, हे मिळेल. म्हणून गुणांक हवे असतील तर कोएफ(मॉडेल), अंदाज हवे असतील तर फिटेड(मॉडेल), रेसिड्युअल हवे असतील तर रेसिड्युअल्स(मॉडेल), आणि कुठल्या प्रकारचे हवेत तेही 'टाइप' लिहून स्पष्ट सांगा. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर आपण भात मागतो, उठून त्यांच्या कपाटातली भांडी उघडून बघत नाही.

आतलं घर बदलतं तेव्हा

याला काळाचीही एक बाजू आहे. २०२२ साली वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचं कांदळवन प्रतिष्ठान यांचं हे काम. पहिलीचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोघींना, त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. अशा कामात अक्षांश, रेखांश आणि वेळ यांच्या नोंदींचा ढीग जमतो. जगभरचे अभ्यासक असले मार्ग 'आर'मध्ये हाताळतात.

या क्षेत्रात बरीच वर्षं नकाशाची ऑब्जेक्टं 'एसपी' पॅकेजची, म्हणजे एस-फोर घराण्याची होती. प्राण्यांच्या मार्गांसाठीचं 'मूव्ह' पॅकेजही त्यावरच उभं. लोकांनी आपल्या कोडमध्ये जागोजागी नकाशा@डेटा असं लिहून ठेवलं होतं. मग 'एसएफ' पॅकेज आलं. त्यात नकाशा म्हणजे एक डेटा फ्रेम, स्लॉट नाहीतच. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'आरजीडाल', 'आरजीऑस' आणि 'मॅपटूल्स' ही जुन्या घराची तीन कामकरी पॅकेजं निवृत्त झाली. मार्गांसाठीही एसएफवर उभं असलेलं 'मूव्ह-टू' आलं. नकाशाची फाइल एसएफने वाचली, की जुन्या स्क्रिप्टमधली ॲटची प्रत्येक ओळ एरर देऊ लागते.

ज्यांनी आत हात घालायच्या ओळी एकाच छोट्या फंक्शनमध्ये गोळा करून ठेवल्या होत्या, त्यांना ते एक फंक्शन बदलून भागतं. ज्यांनी दोनशे ठिकाणी ॲट टाकलाय, त्यांना दोनशे ठिकाणी. पीएच.डी. चार-पाच वर्षं चालते. तेवढ्या काळात पॅकेजं बदलणारच, हे गृहीत धरूनच कोड लिहा.

तर, हात लावण्याआधी

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? मी स्वतः फील्डला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारते.

एक, हे ऑब्जेक्ट कुठल्या घराण्याचं? क्लास आणि एसटीआर चालवून बघायचं.

दोन, मला हवं ते देणारं फंक्शन आहे का? असेल तर फील्ड सोडून द्यायचं. एस-थ्री ऑब्जेक्टसाठी मेथड्स(क्लास = "जीएलएम") असं विचारलं की उपलब्ध फंक्शनांची यादी मिळते.

तीन, फील्डच वाचायचं असेल तर पूर्ण नाव लिहिलंय का? स्क्रिप्टमध्ये दुहेरी कंस, डॉलर फक्त हाताने चाचपडताना.

चार, बदलल्यानंतर तपासलं का? नेम्समध्ये फील्ड वाढलं नाही ना, रकान्यात किंमती हव्या तेवढ्याच भरल्या ना, एस-फोर असेल तर व्हॅलिडऑब्जेक्ट चाललं ना. अशी तपासणी स्टॉपइफनॉट फंक्शनने कोडमध्येच लिहून ठेवता येते :

स्टॉपइफनॉट(ऑल(हंगाम$जिवंत + हंगाम$मेलेली <= हंगाम$अंडी))

जिवंत आणि मेलेली पिल्लं मिळून अंड्यांपेक्षा जास्त झाली, की स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबेल. प्रबंध छापायला जाण्याआधी थांबलेली बरी.

सरावासाठी दोन गोष्टी करून बघा. आपल्या कुठल्याही जीएलएम मॉडेलवर मॉडेल$रेसिड्युअल्स आणि रेसिड्युअल्स(मॉडेल) शेजारीशेजारी छापा. मग रेसिड्युअल्स(मॉडेल, टाइप = "वर्किंग") छापा आणि कुठले दोन रकाने जुळतात ते बघा. दुसरं, तुमच्या सगळ्यात जुन्या स्क्रिप्टच्या वर अर्ध्या नावाच्या वॉर्निंगची ती सेटिंग लावा आणि पूर्ण स्क्रिप्ट पुन्हा चालवा. वॉर्निंग आलीच नाही तर उत्तम. आली तर ती ओळ आजच दुरुस्त करा, आणि त्या ओळीतून निघालेला तक्ता पुन्हा काढा.